बाराला दहा कमी

मोठी संस्था कधी बुडत नाही. ती नव्या रचनेत जाते. आमच्या नेव्हेर गावच्या कालव्हेर कंपनीने हे चाळीस वर्षांत अकरा वेळा करून दाखवले, आणि दर वेळी ती आधीपेक्षा मजबूत आणि लहान झाली.

कालव्हेर मोठमोठ्या कार्यालयांना लागणारे संगणक बनवायची. युरोपाचा स्वतःचा संगणक असावा असे पॅरिसच्या मंत्र्यांना वाटले, म्हणून कंपनी निघाली. अमेरिकेच्या यंत्रापेक्षा आमचे यंत्र सरस होते (जड तर नक्कीच होते). मग आम्ही एक जर्मन कंपनी घेतली, एक इटालियन घेतली. तिघांची यंत्रे एकमेकांशी बोलत नसत. साहेबही बोलत नसत, त्यामुळे यंत्रांना दोष देता येत नाही.

माझी बायको मारिनेत तिथे एकतीस वर्षे यंत्रांच्या तारा जोडत होती. मी गोदामात होतो.

प्रत्येक मोठा निर्णय कामगारांना विचारून होई. सभा नऊला सुरू होई, पडद्यावर बाण दाखवले जात, आणि मतदान बरोबर बाराला दहा कमी असताना. बाराला आमच्याकडे जेवण. त्या वेळी मरणारा माणूससुद्धा सव्वा वाजेपर्यंत थांबतो. आकडे बोलके आहेत: सभा अकरा, मंजूर ठराव अकरा, विरोधी मत एक.

ते मारिनेतचे. जर्मन विभाग विकायचा ठराव होता. ती उठली.

"साहेब, वीजपुरवठ्याचा भाग तेच बनवतात. ते विकले तर आपलं यंत्र कशावर चालवायचं? फुंकर मारून?"

मागून कोणीतरी ओरडले, "मारिनेतबाई, बसा की! बटाटे गार होतायत!"

मीही तिची बाही ओढली. "बस गं. जेवून बोल."

जेवणानंतर सभा नसते. पुढल्याच वर्षी तो भाग मिळावा म्हणून आम्ही त्याच जर्मनांच्या दारात उभे होतो. (अहवालात याला भागीदारी म्हटले आहे.)

अखेर कंपनीच्या दोन कंपन्या झाल्या, 'पहाट' आणि 'वारसा'. ज्यांना भविष्य होते ते पहाटेत गेले, बाकीचे वारशात. मारिनेत आदल्या हिवाळ्यात वारली होती, त्यामुळे तिचे नाव कोणत्याच यादीत नव्हते.

तीस वर्षांच्या नोकरीबद्दल आमचे सरकार पदक देते. मेल्यानंतरही पाच वर्षांच्या आत मिळते, फक्त कंपनीची सही लागते. इस्पितळात ती म्हणाली होती, "पदक आलं तर भिंतीवर लाव. फडताळात टाकशील, मला माहितीय."

वारसा म्हणाली, मारिनेतबाईंची यंत्रे अजून चालतात, म्हणजे त्या पहाटेच्या. पहाट म्हणाली, आमच्याकडे त्यांची एक दिवसही नोकरी झालेली नाही (हे खरे होते). असे करता करता ती जाऊन चार वर्षे दहा महिने झाले. मग वारसा बंद करण्यासाठी अकरावी सभा भरली. ती बंद झाल्यावर सही करणारा कोणी उरणार नव्हता. संचालक द ला ब्रोस व्यासपीठावर होते. बाराला दहा कमी असताना मी कागद घेऊन उठलो.

"साहेब, एक सही हवी होती. माझ्या बायकोची एकतीस वर्षं..."

"अवश्य, लुसियँ. फाइल शोधायला पंधरा मिनिटं लागतील. सभेने तेवढा वेळ वाढवून द्यावा. कोण तयार आहे? हात वर करा."

मी मागे वळून पाहिले. चारशे माणसे. बावीस वर्षे मारिनेतच्या शेजारी बसून तारा जोडणारी पिएरेत पिशवीत चष्मा शोधत होती. चष्मा डोळ्यांवर होता.

"लुसियँदादा, बसा हो," मागून कोणीतरी म्हणाले. "जेवून बोला."

वाक्य माझेच होते. मी बसलो. एकही हात वर झाला नव्हता. बाराला दोन कमी असताना वारसा कंपनी संपली आणि सगळे वेळेवर जेवले.

मी त्यांना नावे ठेवत नाही. तुम्हीही भली माणसे आहात, मारिनेतबद्दल तुम्हाला वाईटही वाटले असेल. पण मघाशी ती वीजपुरवठ्याचे सांगत होती, तेव्हा गोष्ट अजून किती उरलीय हे तुम्ही हळूच खाली बघून घेतलेत. हरकत नाही. संपलेच. उठा, पान वाढून ठेवले असेल.