चढावर उतरवणारी गाडी

चढाच्या मध्यावर गाडीने दम टाकला, तेव्हा मागच्या सीटवरून बाई आणि त्यांची मुलगी न सांगताच खाली उतरल्या. पुढच्या सीटवरून आजोबाही उतरले, पण गुडघ्यांना दोन शिव्या हासडून. गाडीत स्टिअरिंग धरून बाईंचे यजमान, चष्मेवाले, एकटे उरले. काच खाली करून ते म्हणाले, "वर भेटू!" आणि गाडी कण्हत कण्हत निघून गेली.

त्या दिवशी बाईंच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. नवी साडी सावरत त्या चढ चढत होत्या आणि त्यांचेच विद्यार्थी सायकलवरून त्यांना मागे टाकत होते. एकाने तर अदबीने विचारलं, "बाई, डबलसीट सोडू का वर?"

घरी आल्यावर बाईंनी पर्स टेबलावर आपटली. "नवी गाडी घ्यायची. बस्स."

"अगं, हिला काय धाड भरलीय?" चष्मेवाले कळवळले. "इंजिनचं थोडं काम केलं की ताकद येईल. गॅरेजवाला म्हणालाय."

"तो म्हणतोच आहे. आणि आम्ही चढतोच आहोत."

"मुलीला हॉस्पिटलातून याच गाडीने घरी आणलं आपण!"

"आणलं ना. तेव्हा ती तीन किलोची होती."

शेवटी आजोबांनी तोडगा काढला. गिऱ्हाईक मिळालं तर गाडी विकायची, नाही मिळालं तर इंजिनचं काम करायचं. चष्मेवाल्यांनी ताबडतोब मान डोलावली. असलं गिऱ्हाईक जन्माला यायचं आहे, याची त्यांना खात्री होती.

पण ते आलं. रविवारी सकाळी एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या. चष्मेवाल्यांनी ठरवलं, खोटं बोलायचं नाही. उलट इतकं खरं बोलायचं की मालकीणबाई पळून जातील.

"पिकअप अजिबात नाही हं हिला."

"फार छान!" मालकीणबाई खुलल्या. "परवा आमच्या एका शिकाऊ काकांनी गाडी थेट केशकर्तनालयात घातली. ही तिथवर पोचलीच नसती. फक्त आमच्या रस्त्यात एक चढ आहे. तेवढा चढते ना?"

चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. "चला, दाखवतोच!"

"तुम्ही नको," बाईंनी किल्ली उचलली. "गाडी मी चालवणार."

गाडी नवी असताना बाईंनी ती एकदा फाटकाला घासली होती. चष्मेवाले त्यांना रागाने एक शब्दही बोलले नव्हते; नुसते महिनाभर त्या ओरखड्यावरून हात फिरवत बसायचे. तेव्हापासून बाई मागच्या सीटवर गेल्या त्या गेल्याच.

आता नाही कसं म्हणणार? चष्मेवाल्यांनी दुसरा डाव टाकला. "मग सगळेच जाऊ! मोकळी हवा!" म्हणत त्यांनी आजोबांना मागे बसवलं आणि शेजारच्या धिप्पाड बेकरीवाल्यांनाही आग्रहाने आत कोंबलं. मग स्वतः घुसले. मुलगीही कुठेतरी मावली असावी, कारण तिचा आवाज येत होता.

चढ आला. गाडी धापा टाकू लागली. आजोबांनी दाराच्या कडीला हात घातला. बाईंनी ओठ घट्ट मिटले, क्लच दाबला आणि गिअर खाली टाकला, अगदी पहिल्यावर. इंजिनने असा गळा काढला की रस्त्यावरची कुत्री उठून बाजूला झाली. पण गाडी मात्र सहा जणांना घेऊन, बेकरीवाल्यांसकट, सरसर वर जाऊन पोचली.

"अहो," बाईंनी मागे वळून विचारलं, "तुम्ही चढावर गिअर कुठला टाकता?"

"तिसरा. फारच झालं तर दुसरा," चष्मेवाले पुटपुटले. "पहिल्यात ती ओरडते गं. मला ऐकवत नाही."

"आणि माझे गुडघे ओरडतात, ते ऐकवतं!" आजोबा कडाडले.

पण चष्मेवाल्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. "म्हणजे हिच्यात ताकद आहे!" ते आनंदाने ओरडले. "मग विकायची कशाला?"

नवी गाडी मिळवण्यासाठी बाईंनी जुनीलाच पास करून टाकलं होतं. पण स्टिअरिंगवरचे हात काही त्यांना काढावेसे वाटेनात.

"नाही विकायची," त्या म्हणाल्या. "पण किल्ली माझ्याकडे राहील."

मालकीणबाईंनी उसासा टाकला. "गाडी नाही तर नाही. पण रविवारी आमच्याकडे शिकवायला याल? असा हात रोज बघायला मिळत नाही."

"येईन की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आरशातून मागे पाहिलं. "पहिला विद्यार्थी घरूनच आणते. जरा हळवा आहे, पण सुधारेल."