बेनोकाकाची बिनवशिंडाची गाय

बेनोकाका पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आला, तो खिशातून गवंड्याची लेव्हल काढून आधी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लावूनच खुर्चीत बसला. "दोन मिलिमीटर वाकडं, आजी!" मुलांनो, टापटिपीपायी मी आयुष्यभर घरच्यांची बोलणी खाल्ली आहेत. मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला.

बेनो स्वित्झर्लंडचा. भिंतींवर मोठमोठी चित्रं काढणं हाच त्याचा धंदा. चाकणला एका कंपनीची भिंत रंगवायला आला आणि मोशीत आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिला. सोसायटीने त्याला पार्किंगची भिंत दिली. त्याने तिच्यावर तपकिरी गाय काढली, आत्ता हंबरेल अशी, गळ्यात कळशीएवढी घंटा!

मोशीत आता सगळे टॉवर. गाई कुठल्या? बायका सकाळची पहिली पोळी या गाईपुढे ठेवू लागल्या. आणि सात वाजता बेनो खाली उतरून ती खाऊ लागला.

"अरे, ती गाईची!"

"ती खात नाही, आजी. मी तीन दिवस पाहिलं."

सगळं मजेत चाललं होतं, तोवर सोपानआबा आले. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची. "हिला वशिंड कुठं हाय?" ते गरजले. "पाठ बघा, इस्त्री फिरवल्यावानी! ही गाय न्हाई. हिला घास ठेवता व्हय?"

बायका बिचकल्या. कमिटीने फर्मान काढलं: रविवारपर्यंत वशिंड रंगवा, नाहीतर भिंतीला चुना.

बेनो हटेना. "ही लीना आहे. लीनाला वशिंड नव्हतं. आमच्याकडच्या गाईंना नसतंच."

शनिवारी मी आबांना भिंतीपाशी घेऊन गेले. दुभाषी अर्थात मीच. बेनो हळूच म्हणाला, "लीना माझ्या आईची गाय. आई गेली, गोठा विकला. मी जाईन त्या गावात हिलाच काढतो. तिच्या डाव्या डोळ्याखालचा पांढरा ठिपका आठवणारा आता मी एकटाच आहे."

मी ते आबांना सांगितलं. आबांनी पुढे होऊन त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "आमच्या कपिलीचं एक शिंग खाली वाकलेलं व्हतं. जमीन गेली, मागनं तीबी गेली."

मी इंग्रजीत सांगून संपवायच्या आत बेनोने पेन्सिल काढली. "कोणतं शिंग?"

रविवारी चुनेवाला बादली घेऊन आला. आबांनीच त्याला फाटकातून परत पाठवलं आणि घाईघाईने स्टुलावर येऊन बसले. लीनाशेजारी दुसरी गाय उभी राहत होती, चांगली वशिंडवाली.

"आजून खाली, राव! आजून!" आबा ओरडत होते, आणि बेनो पुन्हा पुन्हा पुसून शिंग वाकवत होता.