कट्ट्यावरची वैजू

कबड्डीत बाद झालेली मुलगी, आपल्या संघाला गुण मिळेपर्यंत, घरातही बादच असते. माळेवस्तीत हे कुणी कुणाला शिकवत नाही. म्हणून वैजयंता बाद झाली त्या संध्याकाळी आईने दोनच ताटं घेतली, तेव्हा धाकट्या रेवतीने काही विचारलं नाही.

सामना तालुक्याचा होता. पहिल्याच चढाईत वैजूला हात लागला, ती बाहेर गेली, आणि लगेच उठलेल्या वावटळीने फक्कीच्या सगळ्या रेषा पुसून नेल्या. पंचांनी सामना रद्द केला. रद्द सामन्यातला बादही बादच, असं त्यांनी लेखी दिलं. तेव्हापासून अकरा महिने वैजू शाळेच्या मैदानामागच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसून होती. बाद खेळाडूंना भूक लागत नाही. त्यांच्याशी बोलायचं नसतं. तिच्या शेजारी, पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या वर बांधलेली एक बाई बसलेली असे. ती कट्टा झाडायला ठेवलेली असावी, असं सगळे धरून चालत.

रेवतीला भीती वाटायला लागली ती नंतर. वैजूच्या दहावीच्या वर्गात सोळा नंबरनंतर अठरा पुकारला जाई. वैजूची चादर फाडून आईने भांडी पुसायची फडकी केली. मग एक दिवस गिरणीत शेजारीण काही विचारत होती, तर आई सहज म्हणाली, "मला काय, एकच पोरगी." आवाजात दुःख नव्हतं. पिठाचा डबा धरून रेवती उभी राहिली.

"पुढचा सामना हुकला," खेळाच्या खरात मॅडम म्हणाल्या, "तर तुलाही तिचं नाव आठवणार नाही."

त्या दिवसापासून रेवती रोज सकाळी मनगटावर पेनाने नाव लिहू लागली.

मॅडम शाळेत नव्या होत्या. मुलींचा संघ चौतीस वर्षं बंद होता, तो त्यांनी वैजूच्या सामन्याच्या आधी भांडून सुरू केला होता. बंद का होता, असं विचारल्यावर मुख्याध्यापक म्हणाले होते, "मागचं काहीतरी राहिलंय. कागद सापडत नाहीत." मॅडमना कागदांची वाट बघायची नव्हती. त्यांनी रेवतीला डाव्या कोपऱ्यात उभं केलं.

"चढाईवालीच्या तोंडाकडं बघू नकोस. तोंड खोटं बोलतं. पाऊल बघ."

"पाऊल खोटं बोललं तर?"

"हवेतलं बोलतं. टेकलेलं नाही. टेकलं की दोन्ही हात घोट्याला, घोटा छातीशी, मान खाली."

"आणि निसटली तर?"

"तर तू बाद. मग तुझ्या आईला पोरगीच नाही," मॅडम म्हणाल्या. "चल, परत."

रेवतीने मॅडमचा घोटा रोज शंभरदा धरला. तिची कोपरं सोलून निघाली.

सामन्याच्या दिवशी शेवटची चढाई उरली तेव्हा संघाच्या नावावर एकही गुण नव्हता. कट्ट्यावर वैजूच्या पलीकडे आणखी चौघी जाऊन बसल्या होत्या. समोरून झीनत मुल्ला आली. उंच मुलगी, लांब पाय, दम एकसुरी. तिने रेवतीकडे पाहून हसून दाखवलं. रेवतीने तोंडाकडे पाहिलं नाही. पाऊल पुढे आलं, हवेत थांबलं, मागे गेलं. पाऊल पुन्हा आलं आणि टेकलं.

तिने ते छातीशी धरलं. झीनतने तिला चार हात फरफटत नेलं. दम तुटेपर्यंत रेवतीने डोळे उघडले नाहीत.

शिट्टी वाजली. "एक गुण. एक खेळाडू उठेल," पंच म्हणाले.

वैजू अर्धी उठली होती. पंचांनी वही उघडली आणि तिला हाताने खाली बसवलं.

"क्रमानं. जी आधी बाद, ती आधी उठणार. आनंदी शेलार, दहावी ब. चौतीस वर्षं. उजवा कोपरा."

पांढऱ्या वेण्यांची बाई उठली, पदर खोचून मैदानात आली आणि उजव्या कोपऱ्यात उभी राहिली. वैजू एक जागा सरकली. सामना संपला. त्या चौघींच्या आया कडेला उभ्या होत्या. त्यांनी पाण्याच्या बाटल्या पिशवीत टाकल्या आणि पोरींकडे न बघता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या हजेरीत शेवटी नवं नाव पुकारलं गेलं. "हजर," आनंदी म्हणाली.

शाळा सुटल्यावर ती मैदानात रेवतीसमोर येऊन उभी राहिली.

"पुढचा सामना ऑगस्टात. घोटा धरायचा सराव कर. मी चढाई करते."

"तुम्हाला लागेल."

"तुम्ही कशाला? एकाच वर्षानं पुढं आहे मी तुझ्या."

तिने दम धरला आणि आली. रेवती वाकली. घामाने मनगटावरची शाई पसरली होती, पण अक्षरं अजून लागत होती. वैजयंता. हे कोणाचं नाव, हे आठवायला तिला जरा वेळ हवा होता, पण पाऊल टेकलं होतं.