शैलाताईंचा धबधबा

शेजारच्या शैलाताई सुर्वे भर दुपारी परसात पालथ्या पडलेल्या दिसल्या. चक्कर आली असेल म्हणून मी कुंपणावरून उडी मारली. त्यांनी मानही वळवली नाही. मला त्या इकडच्या रीतीने भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात.

"भिया, ऊन अडवू नको. बेडकाला इथून कसं दिसेल ते बघतेय."

देवासच्या एका सरकारी कचेरीत ताईंनी जन्मभर पाण्याच्या नळांचे नकाशे काढले. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर परसात तळं आणि त्यात पडणारा धबधबा करायचं त्यांनी ठरवलं. अट एकच, तो कुणी केलाय असं वाटता कामा नये. "माणूस कशालाही फसतो. बेडकाला पटलं पाहिजे."

दगड आणायला कन्नौदजवळच्या ओळखीच्या शेतावर गेलो. बांधावरचा प्रत्येक दगड उचलण्याआधी ताई त्याच्या वरच्या अंगाला खडूने फुली मारत. "आजवर आभाळाकडे तोंड होतं त्याचं. माझ्याकडे आल्यावर उलटा का पडेल?"

खरा छळ झाला रामलाल मिस्त्रीचा. त्याने दगड ओळीत रचले की ताई म्हणत, "हे लग्नाच्या हॉलमधलं झालं. काढ."

"बई, जिंदगीभर सीधी भीत बणाई," वाकडं काही जमेना म्हणून तो काकुळतीला आला. "टेढ़ो म्हारा से नी वे."

"मग डोळे मिटून लाव."

त्याने खरंच डोळे मिटून एक दगड ठेवला. त्या दिवसाचा तेवढाच ताईंना पसंत पडला. पुढे बेडूकही आला, पण धबधब्याकडे ढुंकूनही न बघता रामलालच्या घमेल्यात बसला. "नवीन आहे. रुळेल," ताई म्हणाल्या.

पंप सुरू केला आणि दुसऱ्या सकाळी तळं अर्धं रिकामं. मी म्हटलं, तळाला अंथरलेलं प्लास्टिक फाटलं असणार. ताईंनी वाद घातला नाही. तळं भरून दिवसभर पंप बंद ठेवला. पाणी तसूभरही उतरलं नाही. म्हणजे गळती तळ्यात नव्हती, धबधब्यात होती. वरच्या दगडावरून पडायच्या ऐवजी पाणी त्याच्या मागून जमिनीत जिरत होतं.

त्यांनी धबधबा पार खालपर्यंत उतरवला आणि पुन्हा रचला. एकेका दगडावर बादलीने पाणी ओतून बघत, पंधरा दिवस. मी म्हटलं, थोडं गळलं तर काय बिघडतं?

"नकाशात गळती दाखवली की साहेब सही करून विसरून जायचे," त्या म्हणाल्या. "ही तर माझी स्वतःची आहे."

आता पाणी असं पडतं, की दगड आधी होते की घर, असा प्रश्न पडावा.

परवा भाचीच्या साखरपुड्याला त्या धारला निघाल्या. किल्ली द्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, "दोन दिवस पंप बंद ठेवू ना?"

"नको. मी येईन तेव्हा चालू असू दे."

"का हो?"

त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "इतकी वर्षं कुलूप काढलं की घर अगदी गप्प असायचं. वाटायचं, कशाला आले."

तेवढ्यात रिक्षा आली.

आज संध्याकाळी त्यांच्या बसच्या वेळेला मी पंप बघायला गेलो. व्यवस्थित चालू होता. मी परत निघालो, त्यांच्या दारापर्यंत आलो, आणि मग कुलूप काढून त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं.