अण्णांचा कासरा आणि पंधरा मीटर केबल

आमच्या शेजारचे सोपानअण्णा बाजाराला निघाले, की पिशवीत आधी कासरा टाकतात. बैल विकून सहा वर्षं झाली, कासरा मात्र अजून कामावर आहे. कपाट असो की पडदा, अण्णा घरी कासऱ्यानं माप घेतात, गाठ मारतात आणि ती गाठ दुकानदाराच्या नाकासमोर धरतात. कुणी टेप पुढे केला तर म्हणतात, "टेप तुमचा हाय, घर माझं हाय." आणि कुणी 'अंदाजे' म्हटलं, की खवळतात. "अंदाज म्हंजे लबाडी!" पलंग घेताना तर त्यांनी भर दुकानात काकूंना आडवं व्हायला लावलं होतं. काकू अजून त्या दुकानासमोरून जात नाहीत.

परवा त्यांच्या लेकीचं, शीतलचं नर्सिंगचं पदवीदान होतं. सकाळी अकराला, इंटरनेटवर थेट. मोबाइलवरचं काकूंना दिसत नाही, म्हणून शीतलचा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा ठरला. कॉम्प्युटर बैठकीत, नेटची वायर तिथंच येते. टीव्ही आतल्या खोलीत, भिंतीला ठोकलेला. म्हणजे लांब एचडीएमआय केबल हवी.

"पाच मीटर पुरे," मी म्हणालो.

"गुरुजी, मोजलं का तुमी?"

साडेआठला आम्ही वारंगा फाट्यावर, दुकानाचं शटर बंद! अण्णा तीनदा ते वाजवून आले. दुकान उघडताच त्यांनी कासरा काढला. गाठ बरीच लांब निघाली. फूटपाथवर एका टोकाला दुकानदार, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये केबल आणि भोवती चहा सोडून आलेली माणसं. दहा मीटरची केबल आखूड पडली. पंधराची पुरली.

"काका, एवढं मोठं घर हाय व्हय?" दुकानदारानं विचारलं.

"माप बराबर हाय. हे सांगा, एवढ्या लांब चालून चित्र थकंल का?"

दुकानदारानं अख्खी केबल जोडून दाखवली. टीव्हीवर गाणं लागलं, तसे अण्णा टाळी वाजवून ओरडले, "थकलं न्हाई!"

घरी येताच मी केबल बैठकीतून उंबऱ्यावरून टीव्हीपर्यंत सरळ ओढली. जेमतेम पाच मीटर! मला कोण आनंद झाला. "बघा अण्णा, काय म्हणत होतो मी?"

अण्णा स्टूल घेऊन आले. स्टुलावर चढले, केबल चौकटीच्या बाजूनं वर नेली, दारावरून फिरवली, पलीकडे खाली उतरवली आणि खिळ्यांनी पक्की केली. मी खालून स्टूल धरून घड्याळाकडे बघत चरफडत होतो.

अकराला पाच कमी असताना चित्र आलं. थोड्याच वेळात शीतलचं नाव पुकारलं. "अवं, आपली शीतल!" म्हणत काकू बैठकीतून धावल्याच. धावल्या म्हणजे, अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय उचलत नाही, तो घासत आल्या. नजर टीव्हीवर, पाय मोकळ्या उंबऱ्यावरून. मला माझ्या पाच मीटरची लाज वाटली.

तो पाय उंबरा ओलांडून आत येईपर्यंत अण्णांनी त्यावरून नजर हलवली नाही. मग त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. तोवर शीतल पदवी घेऊन मंचावरून उतरली होती.

"कशी दिसली वं आपली लेक! पाहिलं न तुमी?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

"पाहिलं की. लई झाक दिसली," अण्णा म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा ते अंदाजानं बोलले.