तिजानीच्या ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल

तिजानीच्या ट्रॅक्टरची ट्रॉली अर्ध्यापर्यंत उचलली जायची, तिथे थांबून जरा विचार करायची आणि सुस्कारा टाकून खाली बसायची. ट्रॅक्टर तिजानीच्याच वयाचा होता. खुर्चीतून उठताना तिजानीही साधारण हेच करायचा, त्यामुळे आजवर कोणी मनावर घेतलं नव्हतं. पण आज ट्रॉलीत ऑलिव्ह काठोकाठ भरले होते आणि उद्या सकाळी तेलघाण्यावर त्याचा नंबर होता.

घाणेवाल्या खमैसचा नियम कडक होता. ट्रॉली आपली आपण उलटली पाहिजे. फावड्याने उपसत बसणाऱ्याचा नंबर थेट रांगेच्या शेपटाला, आणि शेपूट पुढच्या आठवड्यात होतं. तोवर ऑलिव्ह तापून कुजणार. तसंही तिजानीच्या तेलाला खमैस दर हंगामात चारचौघांत "दिव्यात घालायचं तेल" म्हणायचा. यावरून तिजानीची बायको नझीहा हिने खमैसशी बोलणं टाकलं होतं. सुदैवाने ती बहिणीकडे महदियाला गेली होती, संध्याकाळी येणार होती.

तिजानीने मेव्हण्याला बोलावलं. हमादी टॅक्सी चालवायचा. तिचे तीन दरवाजे उघडत नसत, म्हणून गावात त्याला यंत्रांचा जाणकार मानत.

हमादी ट्रॅक्टरखाली वाकला. "गळतंय."

"ते मला दिसतंय."

"तू नुसतं बघतोयस. मी निदान करतोय."

निदानाची पद्धत सोपी होती. जिथे सगळ्यात जास्त ओलं, तो नट आवळायचा. असे खालून सगळे नट आवळून झाले. दर वेळी ट्रॅक्टर थोडा वेळ गप्प बसायचा आणि नव्या जोमाने गळायचा. शेवटी ट्रॉली उचलणारं आतलं तेल संपलं आणि पंप गाढवासारखा ओरडू लागला.

"दुकानातून तेल आण," हमादी म्हणाला.

"दुकानदार ऑलिव्ह तोडायला झाडावर आहे. सगळं गाव झाडावर आहे."

दोघांची नजर एकाच वेळी स्वयंपाकघराकडे गेली. तिथे नझीहाचा गेल्या हंगामातल्या तेलाचा शेवटचा कॅन होता.

"नाही," तिजानी म्हणाला.

"अरे, आपण ते अंगाला लावतो, कानात घालतो, खोकल्याला पितो. ट्रॅक्टर काय परका आहे?"

तिजानीने कॅन आणला. कॅन रिकामा झाला. मागची फळी बंद ठेवून ट्रॉली उचलली, ती वर गेली आणि चक्क वरच राहिली. खाली मात्र आता हिरवट सोनेरी थेंब पडू लागले. सकाळपासून काळं तेल मातीत जात होतं, तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं. पण ऑलिव्हचं तेल मातीत जाताना बघणं या दोघांच्या रक्तात नव्हतं. तिजानी धावत जाऊन नझीहाचा पाहुण्यांसाठीचा निळा वाडगा घेऊन आला आणि थेंबाखाली ठेवला.

"तेल खाली वाहतं," हमादी एकदम म्हणाला. सगळ्या दिवसातलं हे त्याचं पहिलं निदान. "म्हणजे गळती वर असणार. पीठ आण."

ट्रॅक्टर पुसून कोरडा केला आणि वरपासून खालपर्यंत त्यावर नझीहाचं पीठ भुरभुरलं. ट्रॅक्टर लग्नातल्या मिठाईसारखा दिसू लागला. कोंबड्या जमल्या. त्यांना हाकलत दोघांनी ओल्या पिठाची रेघ पकडली आणि वर वर जात राहिले. रेघ पार वरच्या फिल्टरच्या झाकणाशी संपली. झाकणाखालची रबरी रिंग बिस्किटासारखी मोडली होती.

"अशी रिंग कुठे मिळेल?"

पुन्हा नजर स्वयंपाकघराकडे गेली. नझीहाच्या फिरकीच्या, दोन भागांच्या कॉफीच्या भांड्यातली रबरी रिंग झाकणाखाली अशी बसली, जणू तिथेच जन्मली होती. थेंब थांबले.

एवढ्यात फाटक वाजलं. खमैस आला होता.

"सी तिजानी," त्याने मानाने हाक मारली, "हा ट्रॅक्टर पांढरा का?"

"थंडीमुळे," हमादी म्हणाला.

"गळतो म्हणे. गळका ट्रॅक्टर मी घाण्यात घेत नाही, आधीच सांगतो. तुझा नंबर दुसऱ्याला देईन." मग त्याची नजर वाडग्यावर गेली. "हे काय?"

खरं सांगितलं तर नंबर गेला. तिजानीने घसा साफ केला. "तेल. घरचंच. जरा... चव बघायला काढलं होतं."

खमैसने तिजानीच्या डब्यातली भाकरी मोडली. तिजानीने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. खमैसने भाकरी बुडवली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. हमादी मनातल्या मनात दुवा मागू लागला.

"आधी गोड," खमैस पुटपुटला. "मग तिखट. आणि मग मागून काहीतरी येतं. काय बरं ते? जुनं. भारदस्त. कुठल्या झाडाचं?"

"मागच्या बाजूचं," तिजानी ट्रॅक्टरकडे बघत म्हणाला.

त्याच वेळी नझीहा फाटकातून आत आली. तिने पांढरा ट्रॅक्टर पाहिला, मग निळा वाडगा, मग बोनेटवर उघडून दोन भागांत पडलेलं कॉफीचं भांडं. तिने दीर्घ श्वास घेतला. तो श्वास तिजानीला चांगला ओळखीचा होता.

"लल्ला नझीहा!" खमैस छातीवर हात ठेवून अदबीने उभा राहिला. "माझं चुकलं. असं तेल मी आयुष्यात चाखलं नाही. उद्या सगळ्यात पहिला नंबर तुमचा!"

नझीहाचा श्वास आतच राहिला. मग ती म्हणाली, "अजून घ्या ना."

"नको!" तिजानी आणि हमादी एकदम ओरडले.

दुसऱ्या दिवशी घाण्यावर ट्रॉली राणीसारखी उठली आणि सगळे ऑलिव्ह ओतून मगच खाली आली. ताजं तेल वाहू लागलं. खमैसने सगळ्यांना गोळा केलं, भाकरी बुडवली, चावली. त्याचा चेहरा उतरला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण त्यात ते नाही. ते मागून येणारं. असं तेल तर... दिव्यातही घालता येईल."

सगळे नझीहाकडे बघू लागले. हमादीने आदल्या संध्याकाळीच तिला सगळं सांगून टाकलं होतं. तिने शांतपणे डोक्यावरची ओढणी नीट केली.

"अरे माणसा," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "घरी चल. ट्रॅक्टर चालू कर, वाडगा खाली ठेव. आणि आधी माझ्या कॉफीच्या भांड्याची रिंग काढ."