उजव्या चाकाचा अबोला

तोंतों गोविंद कुणाच्याही गाडीत बसण्याआधी बूट काढत. नवख्याला वाटे, भक्तिभाव असेल. तसं काही नव्हतं. ते ब्रेक तळपायाने ऐकत. अनवाणी पाय पत्र्यावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चल. आता दाब."

तोंतों म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत काका. फिनिक्स गावात ते आमच्या शेजारी एकटेच राहत. जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या, स्वतःची गाडी कधी घेतली नाही. पण गल्लीतल्या प्रत्येक गाडीची प्रकृती त्यांना ठाऊक. नुसती किरकिर आली तर, "धूळ खाल्ली, खोकते." खरखर आली की चेहरा पडे. "ब्रेकचं अस्तर संपलं. हाडाला हाड घासतंय." कुणी घाई केली तर एकच उत्तर, "नापा प्रेसे, मास्तर. घाई नको." मी शाळेत शिकवायचो म्हणून मास्तर म्हणतात, असं मला वाटे; मग कळलं, ते पोस्टमनलाही मास्तरच म्हणतात.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी एक जुनी निळी गाडी घेतली. ब्रेक दाबला की पुढचं डावं चाक किंचाळायचं. एका गॅरेजवाल्याने ते दोनदा साफ करून दिलं, तरी तेच. त्यात धाकट्या बहिणीचं लग्न रोझ बेलच्या देवळात ठरलेलं, आणि नवरी माझ्या गाडीतून जायची होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तोंतों शेजारी बसले. मी ब्रेक दाबला. चाक किंचाळलं.

"डावं, ना?" मी म्हटलं.

"डावं शहाणं हाय. दोघांचं काम एकटं करतंय, म्हणून ओरडतंय. उजवं गप्प बसलंय, ते बघ. गाडी डावीकडे ओढते, तुला कळत नाय?"

मला कळलं नव्हतं. उजवं चाक काढलं तर आत सगळं ओलं. तेल अडवणारं रबर फाटून ब्रेकचं तेल अस्तरावर झिरपत होतं, त्यामुळे ते चाक धरतच नव्हतं. "ही गाडी घेऊन तू क्युरपीपचा उतार उतरणार होतास," ते शांतपणे म्हणाले. नवं रबर, नवं अस्तर, मग मी पेडल दाबत राहिलो आणि ते खालून ब्रेकच्या नळीतली हवा काढत राहिले. दुपार त्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी नवरी, आई आणि दोन मावश्या बसल्या. पुढची जागा तोंतोंसाठी ठेवलेली. त्यांनी गाडीकडे बघितलं, मावश्यांकडे बघितलं. "वजन झालं. मी मागून बसने येतो," म्हणाले.

उतारावर उसाचा एक ट्रक शेतातून एकदम रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, आवाज न करता थांबली.

"काय झालं रे?" बहिणीने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. खरंच काही झालं नव्हतं.

लग्न छान लागलं. गडबडीत तोंतों दिसले नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही परतलो. तोंतों त्यांच्या दाराच्या पायरीवर बसले होते. इस्त्रीचा काळा कोट, टाय, केसांना तेल. सकाळपासून तसेच. मी गाडी थांबवली तसे ते उठले.

"तोंतों, तुम्ही आला नाहीत?"

"ब्रेक माझ्या हातचा. तुमी सगळी सुखरूप परत येता की नाय, ते इथंच कळणार होतं," ते म्हणाले. मागच्या सीटवर आई आणि मावश्या आहेत, हे त्यांनी वाकून एकदा मोजून घेतलं. मग टायची गाठ सैल केली.

"काय ठेवलंय का जेवायला? सकाळपासून घास उतरला नाय."